पाडा तेव्हा तिथे नव्हता

नानांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका बैलामागे पावले मोजत चालले होते.

त्या वर्षी मी शहाद्याच्या महाविद्यालयात मराठीचा अध्यापक म्हणून नव्याने रुजू झालो होतो. वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनासाठी कादंबरीकार त्र्यंबक उखाजी पाटील यांना बोलवावे असे ठरले आणि निमंत्रण घेऊन मी म्हसावदला गेलो. गावाबाहेर, तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक बैल पाठीवर दोन पोती घेऊन सावकाश चालला होता. त्याच्यामागे हातात घड्याळ धरलेले एक गृहस्थ होते आणि त्यांच्यामागे बैलाचे मालक. मी मालकांना पाटील सरांचे घर विचारले.

"घर तठे शे," ते गावाकडे हात करून म्हणाले, "पन माणूस आठे शे. मन्हा बैलना मांगे."

मग पुढे बघून ते ओरडले, "नाना, बैल थकी गया! तुमनी कादंबरी कव्हय सरी?"

"बोलू नको भो, मोजणं चुकस," नाना मागे न वळता म्हणाले.

लादलेला बैल दोन पाणवठ्यांमधले अंतर किती वेळात कापतो हे त्यांना हवे होते. कादंबरीत त्यासाठी एकच वाक्य होते. ते वाक्य मी पुढे वाचले. त्यात वेळेचा उल्लेखही नव्हता. मी विचारले, तर म्हणाले, "मला माहीत असलं म्हणजे पुरे."

नानांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचा जन्म कोरीटचा, शेतकरी घरातला. म्हसावदच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. त्यांनी आठ कादंबऱ्या लिहिल्या. आठही तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्यात घडतात. त्यांच्या एकाही पुस्तकात राजा नाही. मिठाची पोती वाहणारे बैलवाले आहेत, नीळ भिजवणारे रंगारी आहेत, सरकारी पत्रे नकलणारे कारकून आहेत. एका समीक्षकाने लिहिले होते की पाटलांच्या कादंबरीत इतिहास नेहमी शेजारच्या तालुक्यात घडतो. हा टोमणा होता. नानांनी ते कात्रण जपून ठेवले आहे.

इतिहास असा बाजूला ठेवण्याचा विचार त्यांना एका जपानी लेखकाने दिला. सुरतेच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना हारुजी किनोसे यांच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मिळाला. किनोसे यांनी हयातभर आपल्या एका डोंगराळ प्रांताविषयी लिहिले. त्या कादंबरीचा नायक धान्यकोठाराचा हिशेबनीस आहे. मोठे युद्ध डोंगरापलीकडे चालू असते आणि त्याला त्याचा फक्त धूर दिसतो. नानांनी ती कादंबरी मराठीत आणली आणि एका छोट्या नियतकालिकाने ती क्रमाने छापली. किती जणांनी वाचली हे मला माहीत नाही. मी वाचली. जपानमधल्या त्या हिशेबनिसाचे बोलणे नानांनी अहिराणीत घातले आहे आणि ते तिथे बसते.

किनोसे यांच्या प्रस्तावनेत एक उल्लेख होता. छापण्यापूर्वी ते हस्तलिखित त्या त्या गावच्या देवळात वाचून दाखवत. नानांनी हा नियम उचलला. ज्या गावाविषयी पुस्तक, त्या गावात पहिले वाचन. लोकांनी ऐकायचे, हरकत घ्यायची, नानांनी लिहून घ्यायचे. 'निळीचा माठ' या कादंबरीचे वाचन नंदुरबारात जुन्या रंगारी मोहल्ल्यात झाले. मी सोबत होतो. नायकाचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते, असे वाक्य आले तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी थांबवले.

"मास्टरसाब, आपने नील का माठ देखा है?"

"पाहिलाय. रिकामा."

"वही तो. कपड़ा नीचे बैठता है. कोहनी तक हाथ डाले बगैर कैसे निकालोगे? कलाई तक तो बच्चे खेलते हैं."

मोहल्ला हसला. नानाही हसले. पुस्तकात हात कोपरापर्यंत निळे आहेत. अर्पणपत्रिकेत त्या बाईंचे नाव आहे.

नाना माणसांशी वागतात तेही असेच, आधी ऐकून. माझी आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला शहाद्यात बोलायला कोणी नव्हते. तिला अहिराणी कळत नसे आणि शेजाऱ्यांना तिची सातारी बोली परकी वाटे. नाना आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, दर गुरुवारी बसने येत. नाना आईला तिच्या माहेरची वाट विचारत, विहीर कुठे, गिरणी कुठे, कोणाच्या दारात कोणते झाड. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. हे आईच्या मृत्यूपर्यंत, दोन वर्षे चालले. याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. इथे मानतो.

आता मी त्यांच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. गौरवग्रंथात ते योग्य होईल का, असे संपादकांनी विचारले होते. नानांनीच सांगितले की ते नसेल तर लेख घेऊ नका.

'उभा घाट' ही त्यांची सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी. कंपनी सरकारच्या काळात सातपुड्यातल्या एका म्होरक्याला आणि त्याच्या माणसांना पकडण्यासाठी शिपायांची तुकडी एका अवघड घाटाने वर चढते. वाट कोणालाच माहीत नसते. डोंगरातलाच कोणीतरी ती दाखवतो. नानांकडे मोडीतले एक अस्सल पत्र होते. एका कारकुनाने वरिष्ठांना कळवले होते की घाटाच्या माथ्यावरील पाड्याच्या मुख्याने वाट दाखवली. पत्रात पाड्याचे नाव नव्हते, माणसाचेही नव्हते. नानांनी नकाशा पाहिला. घाटाच्या माथ्यावर एकच पाडा होता, कोळवीपाडा. म्हसावदच्या बाजारात त्यांनी वरून आलेल्या माणसांना विचारले की कोळवीपाड्याचा त्या काळचा मुख्या कोण. दामज्या, असे उत्तर आले. नानांनी कादंबरीत कोळवीपाडा लिहिला आणि दामज्या लिहिला.

या पुस्तकाचे वाचन वर झाले नाही. त्या वर्षी रस्ता खचला होता, नानांचा गुडघा दुखत होता आणि प्रकाशक घाई करत होता. वाचन म्हसावदच्या शाळेत झाले. ऐकणारे सगळे खालचे होते. कोणी हरकत घेतली नाही.

पुढे बारा वर्षे गेली. 'उभा घाट' आमच्या तिसऱ्या वर्षाला पाठ्यपुस्तक होते. मी ते शिकवत असे. एकेकाने उभे राहून पानभर वाचायचे, ही माझी पद्धत. चार वर्षांपूर्वी वाट दाखवण्याचा प्रसंग सुमित्रा पावरा हिच्या वाट्याला आला. तिने तो नीट वाचला. कुठे अडखळली नाही. दामज्या शिपायांच्या पुढे चालतो आणि एकदाही मागे बघत नाही, इथपर्यंत वाचून ती खाली बसली. मी 'छान' म्हणालो.

ती आठवडाभर आली नाही. मग एका दुपारी अध्यापक कक्षाच्या दारात उभी राहिली.

"सर, पुस्तकात छापलेलं खोटं असू शकतं का?"

मी म्हणालो, ती कादंबरी आहे.

"मग नाव आमचं का?"

दामज्या तिच्या आजोबांचा खापरपणजोबा होता. तिने जे सांगितले ते असे. पुस्तक येण्यापूर्वी कोळवीपाड्याविषयी कोणी काही बोलत नव्हते. पुस्तक आले, आश्रमशाळेच्या गुरुजींनी ते वर्गात वाचले, मुलांनी घरी सांगितले. आता बाजारात त्यांना फितुरांचा पाडा म्हणतात. तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न दुसऱ्या गावात ठरत आले होते. तिकडच्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला की वाट दाखवणाऱ्यांच्या घरची मुलगी नको.

"आजी म्हणते ते खरं नाही," सुमित्रा म्हणाली. "पण आजीचं कुठे छापलेलं आहे?"

मी ज्या पानाला 'छान' म्हणालो होतो ते पान तिने मोठ्याने वाचले होते. त्या संध्याकाळी मी म्हसावदला गेलो.

नानांनी सगळे ऐकून घेतले. मग कपाटातून ते पत्र काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "कागद खरा आहे," ते म्हणाले. पत्राची घडी घालून म्हणाले, "मी वर वाचायला गेलो नाही." माईंनी चहा आणला, तो तसाच राहिला. मला बजावून सांगावेसे वाटते की त्यांनी एकदाही कादंबरीकाराच्या स्वातंत्र्याचा विषय काढला नाही. मी मात्र येताना वाटेत त्यावर बरेच मुद्दे जमवले होते.

रविवारी मी सुमित्राला घेऊन गेलो. नानांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले.

"तुमच्याकडे काय सांगतात, ताई?"

"आजी सांगते, आम्ही तेव्हा तिथे नव्हतोच."

"कुठे होतात?"

"ते आजीला विचारा."

चैत्र लागला होता. आम्ही तिघे जीपने वर गेलो. रस्ता संपला तिथून पाऊण तास चालत. कोळवीपाड्यात सुमित्राच्या वडिलांचे, सायसिंगभाऊंचे, घर आहे. ते अंगणात टोपल्या काढत होते. त्यांनी नानांकडे पाहिले.

"तुम्हीच लिहिणारे?"

"मीच."

"आम्हाला मोह वेचायला जायचं आहे. बसायला वेळ नाही."

कोणी पाणी विचारले नाही. सातपुड्यात वावरलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नाना म्हणाले, "मी सोबत आलो तर चालेल?" सायसिंगभाऊंनी एक टोपली खांद्यावर टाकली. सुमित्राच्या आजी, गेनीबाई, डोक्यावर टोपली घेऊन पुढे निघाल्या होत्या. नाना त्यांच्यामागे गेले.

पाड्याला लागूनच मोहाची मोठी झाडे होती. खाली फुलांचा सडा पडला होता. गेनीबाई त्यावरून वाट काढत पुढे गेल्या. एक फूल कोणी उचलले नाही. थोड्या अंतरावर आणखी झाडे आली. तिथेही कोणी थांबले नाही. नानांनी हे पाहिले. मी पाहिले नव्हते. मला फक्त ऊन लागत होते.

"ही कुणाची?" नानांनी विचारले.

"दुसऱ्यांची," सुमित्रा म्हणाली.

"पाड्याजवळची झाडं दुसऱ्यांची? मग तुमची?"

"पुढे."

पुढे म्हणजे एक खोल दरी उतरून, नाला ओलांडून, पलीकडची सोंड चढून. नाना चार ठिकाणी बसले. दोन तासांहून अधिक वेळ लागला. सोंडेवर एक सपाट जागा होती आणि तिथे नऊ जुने मोह होते. मध्ये चुलीचे दगड होते, मातीत निम्मे गेलेले. एका बाजूला शेंदूर लावलेला उभा दगड. बायका लगेच वेचायला बसल्या. गेनीबाईंनी सर्वांत जाड बुंध्यावर हात ठेवला आणि पावरी बोलीत काही बोलल्या. सुमित्राने मराठीत सांगितले, "हे दामज्याचं."

नाना खाली बसले.

"पाडा इथे होता का, आजी?"

गेनीबाईंनी आधी दुसऱ्याच गोष्टीचे उत्तर दिले. सुमित्रा ते सांगताना हसू आवरत होती. "आजी म्हणते, आजी कुणाला म्हणतोस, तू काय पोरगा आहेस?"

मग त्यांनी सांगितले. पाडा इथेच होता. देवीची साथ आली, माणसे मेली, दामज्याही मेला. शेंदराचा दगड त्याचाच. त्याच्या मुलाने पाडा उठवला आणि घाटाच्या माथ्यावर नेला. तिथले आधीचे लोक तोवर दुसरीकडे गेले होते. पाड्याचे नाव सोबत नेले.

"झाडं कशी नेणार?" गेनीबाई म्हणाल्या. "म्हणून दरवर्षी येतो."

नाना बराच वेळ दरीकडे पाहत होते. घाट दरीच्या पलीकडे होता. दामज्या जिवंत होता तोवर कोळवीपाडा इथे होता. कारकुनाने पत्र लिहिले तेव्हा घाटमाथ्यावर दुसरा पाडा होता आणि दुसरा मुख्या.

आम्ही खालची माणसे. आमचे गाव पिढ्यान्‌पिढ्या एका जागी असते. कोरीट कोरीटच्या जागी आहे, म्हसावद म्हसावदच्या. आजच्या नकाशावर बोट ठेवून आम्ही जुने पत्र वाचतो आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्या माणसाने एका वाक्यासाठी बैलाची पावले मोजली, त्याला गाव चालते हे सुचले नव्हते.

नानांनी एक प्रश्न विचारला. तो विचारू नये असे मला तेव्हा वाटले.

"मग घाटावर तेव्हा कोण होतं?"

गेनीबाई फुले वेचत राहिल्या. वर न बघता त्यांनी उत्तर दिले आणि सुमित्राने ते सांगितले.

"आजीला माहीत आहे. पण ती सांगणार नाही. म्हणते, तू परत लिहिशील."

नाना मोठ्याने हसले. मी त्यांना तसे हसताना फार क्वचित पाहिले आहे. "नका सांगू," ते म्हणाले. "अजिबात नका सांगू." मग ते उठले, गेनीबाईंच्या शेजारी बसले आणि मोह वेचू लागले. सायसिंगभाऊंनी थोडा वेळ पाहिले आणि पाण्याचा भोपळा त्यांच्यापुढे ठेवला.

पुढे नानांनी जुने नकाशे धुंडाळले. जंगलखात्याच्या एका जुन्या नकाशावर कोळवीपाडा नाल्यापलीकडे, सोंडेवर दाखवलेला सापडला. कागद आजींच्या मागून आला. तो सापडला नसता तरी त्यांनी दुरुस्ती केलीच असती, असे ते म्हणतात आणि माझा त्यावर विश्वास आहे.

नवी आवृत्ती लिहायला एक वर्ष लागले. त्यात वाट दाखवणाऱ्याला नाव नाही, चेहरा नाही, पाडा नाही. ते पान जवळजवळ कोरे आहे. प्रकाशकाला ते पटले नाही. वाचकाला माणूस हवा असतो, तो म्हणाला, दुसरे एखादे नाव घाला. नानांनी पोस्टकार्ड पाठवले: "दुसरे नाव म्हणजे दुसरे घर." पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी एक पान जोडले. चूक काय होती, कशी झाली, कोणाला भोगावी लागली आणि कोणी दाखवून दिली, एवढेच त्यात आहे. क्षमा हा शब्द एकदाच आहे.

छापण्यापूर्वी ते वर वाचायचे होते. तेवढ्यात नानांच्या छातीत दुखू लागले. सुरतेला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी डोंगर चढायला मनाई केली. त्या दिवसांत त्यांना एकच भीती होती आणि ती त्यांनी लपवली नाही. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो असताना ते म्हणाले, "मी गेलो तर जुनंच पुस्तक राहील." मी म्हणालो, हस्तलिखित तयार आहे, छापता येईल. "वाचल्याशिवाय नाही," ते म्हणाले. "एकदा तेच केलं होतं."

मी सुमित्रामार्फत निरोप पाठवला की तब्येतीमुळे वाचन म्हसावदला ठेवावे, सगळ्यांना आणण्याची सोय मी करतो. गेनीबाईंचे उत्तर आले. खाली वाचूनच चूक झाली होती. वर वाचायचे. आम्ही थांबतो.

ते सात महिने थांबले. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, जा, पण चालायचे नाही. जीपने रस्ता संपेपर्यंत गेलो, तर तिथे सायसिंगभाऊ आणि तीन तरुण एक लांब बांबू घेऊन उभे होते. बांबूला झोळी बांधली होती. डोंगरातल्या आजारी माणसाला रस्त्यापर्यंत याच झोळीतून आणतात. नाना संकोचले. मी सावकाश चालतो, म्हणू लागले.

"बसा हो नाना," सायसिंगभाऊ म्हणाले. त्यांना नाना म्हणताना मी पहिल्यांदा ऐकले. "या झोळीनं आम्ही माणसं खाली नेतो. वर चाललेले तुम्ही पहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचन सुरू झाले. नाना एक परिच्छेद मराठीत वाचत, सुमित्रा तो पावरीत सांगे. चूक सांगणारे पान आधी, मग घाटाचे प्रकरण. शिपाई चढू लागतात. त्यांच्या पुढे कोणीतरी आहे. तो कोण हे लेखकाला ठाऊक नाही, असे लेखक सांगतो. सुमित्राने ते वाक्य पावरीत सांगितले. नानांनी पान खाली ठेवले.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "एवढंच?"

"एवढंच," नाना म्हणाले.

"आणि जुनी पुस्तकं?"

"परत मागवतो. नवं देऊन जुनं घेतो."

गृहस्थांनी मान हलवली. "एक हरकत आहे," ते म्हणाले. नानांनी पेन काढले. "याच प्रकरणात पहाटेच्या वेळी बिबळ्या ओरडतो असं लिहिलंय. त्या बाजूला पहाटे तो ओरडत नाही. तिन्हीसांजेला ओरडतो."

नानांनी लिहून घेतले. लिहिताना त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना इतक्या सन्मानांच्या प्रसंगी मी पाहिले आहे, पण बिबळ्याची ती हरकत घेताना ते जितके सुखी दिसले तितके कधीच नाहीत. पाड्याने त्यांना परत लेखक म्हणून घेतले होते.

नवी आवृत्ती निघाली. नानांनी शाळांना, वाचनालयांना, ओळखीच्या वाचकांना पत्रे लिहिली. जुन्या प्रती येऊ लागल्या. माईंच्या घरात त्या खाटेखाली, कोठीत, देवघराच्या फळीवर साचल्या. "घरमा पाहुणाले बठाले जागा नही," माई मला म्हणाल्या, "आनि ह्या रोज पोस्टनी वाट देखतस." आश्रमशाळेच्या गुरुजींनी आपली प्रत स्वतः आणून दिली आणि नवी घेऊन गेले. वर्गात पुन्हा वाचतो, म्हणाले. आमच्या महाविद्यालयात आता नवी आवृत्ती आहे. ते प्रकरण मी अजूनही मुलांकडून वाचून घेतो, फक्त आधी पहिले पान वाचायला लावतो.

गेल्या फाल्गुनात सुमित्राच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, त्याच घरी, जिथून तो निरोप आला होता. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी ते पान कोणाकडून तरी वाचून घेतले होते. नाना, माई आणि मी लग्नाला गेलो. मांडवात नानांना कोणी ओळखत नव्हते. गेनीबाईंनी त्यांना हाताला धरून व्याह्यांपुढे उभे केले आणि मोठ्या आवाजात काही सांगितले. सगळा मांडव हसू लागला. सुमित्रा आता शिक्षिका आहे. ती धावत आली आणि तिने आम्हाला सांगितले.

"आजी म्हणते, हाच तो. यानंच आमचं चुकीचं लिहिलं होतं. आता बरोबर लिहिलंय. याला आधी जेवायला वाढा."

नाना जेवले. दोनदा वाढून घेतले. माईंनी डोळे वटारले, पण थांबवले नाही.

परतताना जीपमध्ये नाना माझ्या शेजारी होते आणि माई पुढे ड्रायव्हरजवळ. सपाटी लागल्यावर नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आता मेलो तरी चालेल."

माई पुढून वळल्या.

"आते कसाले मरतस तुम्ही? इतला दिन घोर लावा, तव्हय जगनात. आते तर जगानं शे."

नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त शुभेच्छा देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. याहून चांगल्या शब्दांत ते मला जमणार नाही. ज्यांनी नानांची पुस्तके वाचली, ज्यांच्या गावात ती वाचली गेली आणि ज्यांनी हरकती घेतल्या, त्या सर्वांच्या वतीने मी माईंचेच म्हणणे इथे नोंदवतो. नाना, आता घोर नाही. आता जगायचे आहे, निरोगी आणि पुष्कळ वर्षे.